अमेरिकेत रेडिओ कंट्रोलचं टर्बाइन मॉडेल जेट उडवायला लायसन्स लागतं का आणि विमा कोण देतं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "दादा, मी नाशिकचा, दोन वर्षांपासून ऑस्टिनजवळ नोकरीला आहे, एच-1बी वर. तिकडे फोमची इलेक्ट्रिक विमानं उडवली, इथे आल्यावर ईडीएफ, म्हणजे विजेच्या पंख्यावरची मॉडेल जेट उडवतोय. आता एक जण 100 न्यूटन जोराच्या टर्बाइनसकट सेकंडहँड स्पोर्ट जेट विकतोय, भाव बरा वाटतोय. सरकारी लायसन्स लागतं का, विमा कोण देतं, आणि पुढेमागे भारतात परत गेलो तर तिथे उडवता येईल का?"

आधी सरळ उत्तर. टर्बाइनसाठी वेगळं सरकारी लायसन्स अमेरिकेत नाहीये. लागतो तो एएमएचा, म्हणजे अॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचा टर्बाइन वेव्हर. आणि विम्याचं म्हणशील तर तोही बराचसा एएमएच्याच मेंबरशिपमधून येतो, पण लोकांना वाटतो तसा नाही येत, त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण खरी गडबड तिथेच होते. मी इंडियानात गेली बारा-तेरा वर्षं टर्बाइन उडवतोय, दोनदा विम्याच्या माणसासमोर बसलोय, त्यामुळे हे सगळं कागद वाचून नाही तर भोगून सांगतोय.

वेव्हर हा शब्द ऐकून लोक म्हणतात लायसन्स आणि वेव्हर एकच की. नाही. वेव्हर म्हणजे सूट. एएमएच्या सेफ्टी कोडमध्ये नियमच असा आहे की टर्बाइनवरचं मॉडेल उडवायचं नाही, उडवायचं तर टर्बाइनचे वेगळे नियम पाळून आणि वेव्हर हातात घेऊन. म्हणजे मुळात मनाई आहे, आणि ज्याने तयारी दाखवून दिली त्याच्यापुरती ती उठते. हा फरक डोक्यात पक्का ठेव, कारण विम्याच्या वेळी सगळं ह्याच्यावरच येऊन ठेपतं.

आता तू म्हणशील एएमए ही तर हौशी लोकांची संस्था, 1936 सालची, इंडियानातल्या मन्सीला ऑफिस, तिचा नियम मी का मानू. तर एफएए, म्हणजे अमेरिकेचं सरकारी हवाई वाहतूक खातं, त्याच्या 2018 च्या रीऑथरायझेशन कायद्याने हौशी उड्डाणासाठी जे कलम आलं, 44809, त्यात सरळ अट आहे की मान्यताप्राप्त कम्युनिटी संस्थेच्या सेफ्टी गाइडलाइन्सप्रमाणे उडवायचं. एएमए ही तशी मान्यता असलेली संस्था आहे. म्हणजे संस्थेचा नियम मोडलास की तू त्या कलमाच्या संरक्षणाबाहेर जातोस, आणि मग तू हौशी राहत नाहीस, तुला पार्ट 107, म्हणजे धंद्याच्या ड्रोनसाठीचे एफएएचे नियम, लागू होतो. पार्ट 107 मध्ये वेगाची मर्यादा 87 नॉट, म्हणजे ताशी 100 मैल. टर्बाइन जेट 100 मैलाच्या आत ठेवून उडवतो असं म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तेव्हा "माझ्याकडे 107 चं सर्टिफिकेट आहे, मला वेव्हर कशाला" असं कोणी तुला सांगितलं तर ऐकू नकोस, ते सर्टिफिकेट ड्रोनने लग्नाचं शूटिंग करणाऱ्याच्या कामाचं, तुझ्या जेटला त्याचा काही उपयोग नाही. एएमएच्या टर्बाइन नियमात कमाल वेग ताशी 200 मैल आहे, आणि तो हौशी कलमाखालीच मिळतो. हौशी म्हणजे खरंच हौशी, पैसे घेऊन डेमो केलास की ते उड्डाण त्या कलमात बसत नाही.

एफएएच्या बाजूचं काम तुलनेने सोपं आहे. ट्रस्ट नावाची ऑनलाइन टेस्ट, फुकट आहे, अर्ध्या तासात होते, सर्टिफिकेट डाउनलोड करून दोन-तीन जागी ठेव कारण ते हरवलं तर परत टेस्टच द्यावी लागते, कोणी तुझी कॉपी सांभाळून ठेवत नाही. मग नोंदणी, पाच डॉलर, तीन वर्षांसाठी, 0.55 पौंडाच्या वरच्या सगळ्या मॉडेलना लागते, हौशी माणसाला एकच नंबर सगळ्या विमानांवर चालतो पण तो बाहेरून दिसेल असा लावायचा, हॅचच्या आत लपवायचा नाही. तू एच-1बी वर आहेस, तेव्हा तिथे एक गोष्ट तुला दिसेल: नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसलेल्याने अर्ज केला तर एफएए त्या सर्टिफिकेटला अमेरिकन नोंदणी म्हणत नाही, मालकीची दखल म्हणते. त्याने घाबरू नकोस, अर्ज त्याच जागी, फी तीच, आणि उडवायला ते चालतं. आपल्या बऱ्याच पोरांनी ह्या एका वाक्याला घाबरून नोंदणीच केली नाही, ते मात्र चुकीचं.

रिमोट आयडी, म्हणजे विमानाने उडताना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सांगत राहणं, 2024 च्या मार्चपासून गंभीरपणे लागू झालंय. तुझ्या क्लबचं मैदान फ्रिया, म्हणजे रिमोट आयडीशिवाय उडवायला एफएएने ठरवून दिलेली जागा, म्हणून मान्य असेल तर तिथे मॉड्यूल लागत नाही. जवळपास सगळे जेटवाले अशाच मैदानावर उडवतात, तू पण तेच कर. उंचीचं म्हणशील तर अनियंत्रित हवाई क्षेत्रात 400 फूट, नियंत्रित क्षेत्रात आधी परवानगी. ऑस्टिनच्या मुख्य विमानतळाभोवतीचं क्षेत्र नियंत्रित आहे, तेव्हा मैदान कुठे आहे ते नकाशावर बघूनच क्लब निवड. काही क्लबांनी आपल्या मैदानासाठी जास्त उंचीची मंजुरी घेतलेली असते, जेटला 400 फूट फार अपुरे पडतात, एक लूप घेतला की संपलं, म्हणून ही चौकशी आधी कर.

आता वेव्हर. एएमएची मेंबरशिप आधी हवी. फिक्स्ड विंग आणि हेलिकॉप्टरचे वेव्हर वेगवेगळे, तुला फिक्स्ड विंगचा. आधी ठरावीक संख्येच्या फ्लाइट नोंदवायच्या, मग पात्रता फ्लाइट, आणि ती बघणारे दोघं सही करतात, त्यातला निदान एक स्वतः वेव्हरवाला. फ्लाइटची संख्या आणि सही कोणाची चालते हे त्या वर्षीच्या फॉर्मवर छापलेलं असतं, जुना फॉर्म कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर तो भरू नकोस, एएमएच्या साइटवरूनच ताजा काढ, टर्बाइनचे नियम 510-ए नावाच्या कागदात आहेत. तो कागद अख्खा वाच, चहा घेऊन बस आणि दोनदा वाच. तो लिहिणाऱ्यांनी प्रत्येक ओळ कोणाचं तरी काहीतरी जळल्यावर लिहिलीय.

माझी पात्रता फ्लाइट एका वयस्कर माणसाने घेतली, आयुष्यभर खऱ्या विमानांवर काम केलेला. त्याने मला पहिला अर्धा तास उडवूच दिलं नाही. इंजिन सुरू होताना नाकातून ज्वाळा आली तर काय करशील, ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान, चढत चाललं आणि आरपीएम, म्हणजे फेऱ्या, चढत नाहीत तर काय, फेलसेफ दाखव, ट्रान्समीटर बंद करून दाखव इंजिन बंद होतंय का. हे शेवटचं फार महत्त्वाचं, सिग्नल गेला की टर्बाइन आपोआप बंद व्हायलाच पाहिजे, नुसतं आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांना, जाऊन चालत नाही, कारण आयडललासुद्धा तो पंखा मिनिटाला तीस-चाळीस हजार फेऱ्या घेतोय आणि मागून ढकलतोय, टाकीत दोन लिटर केरोसीन आहे. मग टॅक्सी, टेकऑफ, दोन्ही बाजूंनी पास, आठाचा आकडा, हळू उड्डाण, लँडिंगला येऊन न उतरता परत वर जायचं ते गो-अराउंड, आणि लँडिंग. गो-अराउंडला तो खास बघत होता. ईडीएफवाले इथेच फसतात. तुला सवय अशी की थ्रॉटल दिला की लगेच ताकद. टर्बाइन आयडलवरून पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद घेतं, आणि फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, विमान खाली बसायला लागल्यावर तू थ्रॉटल दिलास तर ताकद येईपर्यंत विमान कुंपणात. म्हणून जेटने फायनलवर थोडा थ्रॉटल ठेवून, फ्लॅप आणि स्पीडब्रेकने वेग मारत यायचं. ही सवय हाताला लागायला माझे दोन महिने गेले, बडी बॉक्सवर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या ट्रान्समीटरला आपला जोडून, वेव्हरवाला माणूस शेजारी उभा. घाई करू नकोस.

आणि एक हिशोब करून बघ, मी नवीन माणसाला नेहमी करायला लावतो. बारा किलोचं जेट, वेग ताशी 200 मैल, म्हणजे सेकंदाला 89 मीटर. गतिज ऊर्जा काढ, साधारण 48 किलोज्यूल येते. एक टनाची गाडी ताशी 35 किलोमीटरने आली तर तिच्यात जेवढी ऊर्जा असते तेवढी. वर तापलेलं इंजिन आणि इंधन. आता पार्किंग लॉटकडे बघ, लोकांची पोरं कुठे बसलीत ते बघ. ह्यासाठी सगळे कागद आहेत.

आता विमा. इथे मी थांबणार आहे जरा.

एएमएची मेंबरशिप घेतलीस की लायबिलिटी कव्हर मिळतं, दर घटनेला 25 लाख डॉलरपर्यंत. म्हणजे तुझ्या विमानाने दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आकडा मोठा आहे आणि तो ऐकून बहुतेक जण पुढचं वाचतच नाहीत. पुढचं असं आहे की हे कव्हर एक्सेस आहे, म्हणजे दुसऱ्या नंबरचं. तुझ्याकडे घराची किंवा भाड्याच्या घराची पॉलिसी असेल तर आधी ती पुढे येते, आणि तिची मर्यादा संपली किंवा तिने नाही म्हटलं की मग एएमएचं. त्यामुळे पहिला प्रश्न हा की तुझ्या रेंटर्स पॉलिसीत विमानाबद्दल काय लिहिलंय. तू अपार्टमेंटमध्ये असशील तर तुझ्याकडे रेंटर्स पॉलिसी बहुतेक आहेच, इथले घरमालक मागतात, दहा-पंधरा डॉलर महिना भरून आपण ती घेतो आणि कधी उघडून बघत नाही. आज उघड. लायबिलिटीच्या भागात "एअरक्राफ्ट" वगळलेलं असतं, ते सगळ्यांचंच असतं, पण त्या शब्दाची व्याख्या बघ. इथल्या नेहमीच्या साच्यातल्या पॉलिसीत व्याख्या अशी आहे की उडण्यासाठी बनवलेली कुठलीही वस्तू म्हणजे एअरक्राफ्ट, मात्र माणसं किंवा माल न वाहणारी मॉडेल किंवा हॉबी विमानं सोडून. ह्या "सोडून" मध्ये तुझं जेट बसतं. पण काही कंपन्यांनी ड्रोन आल्यापासून वेगळी जोडपत्रं लावलीत, त्यात मानवरहित विमान सरसकट वगळलंय. तुझ्या पॉलिसीला तसं जोडपत्र आहे का ते शोध, आणि एजंटला फोन नको, ईमेल कर. "मी हौस म्हणून टर्बाइन इंजिनचं रेडिओ कंट्रोल मॉडेल विमान एएमएच्या मैदानावर उडवतो, लायबिलिटी लागू होते का" असा सरळ प्रश्न. उत्तर लेखी ठेव. "मॉडेल विमान" एवढंच लिहून टर्बाइन शब्द गाळू नकोस, नंतर तेच अंगावर येतं.

मी हे का एवढं लांबण लावून सांगतोय, तर माझंच एक प्रकरण. आमच्या मैदानाला लागून सोयाबीनचं शेत आहे, सप्टेंबरचा महिना, पीक वाळत आलेलं. माझं जेट तिसऱ्या फ्लाइटला डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उलट्या दिशेने जात असताना इंजिन बंद पडलं, फ्लेमआउट. नंतर कळलं की टाकीतल्या क्लंकजवळची, म्हणजे इंधन ओढणाऱ्या वजनदार टोकाजवळची, नळी कडक होऊन बारीक चिरली होती, हवा शिरत होती, हवा अडवणाऱ्या एअर ट्रॅपने बरीच सांभाळली पण शेवटी बुडबुडा पंपापर्यंत गेलाच. रनवेपर्यंत येत नव्हतं, मी ते सोयाबीनमध्ये सरळ, पंख समपातळीत ठेवून उतरवलं, पार्किंगकडे वळवायचा मोह टाळला, ते एक बरं केलं. पण टाकी फाटली आणि तापलेल्या पाइपवर केरोसीन सांडलं. आम्ही पाच जण धावलो. आग विझली पण साधारण पाव एकर पीक जळलं, तुडवलं गेलं ते वेगळं.

शेतकरी सज्जन होता, म्हणाला बघू. मी तिथल्या तिथे "मी सगळं भरून देतो" असं म्हणणार होतो, आपल्याकडची सवय, चूक आपली तर आपण शब्द द्यायचा. क्लबच्या सेफ्टी ऑफिसरने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की माफी माग, मदत कर, पण किती देणार ते बोलू नकोस, तू स्वतःहून कबूल केलेली रक्कम विमा कंपनी मानायला बांधील नसते. मग त्याच दिवशी आम्ही फोटो काढले, ट्रान्समीटरचा टेलिमेट्री लॉग आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, डेटा उतरवून ठेवला, दोन साक्षीदारांची नावं लिहिली, माझ्या घराच्या पॉलिसीला आणि एएमएला दोघांनाही कळवलं. एकालाच कळवून थांबू नकोस, हे लक्षात ठेव.

घराच्या विमा कंपनीचा अॅडजस्टर, म्हणजे क्लेम तपासणारा माणूस, आधी म्हणाला ड्रोन वगळलंय. मी त्याला व्याख्येचं पान वाचून दाखवलं. मग त्याने जे प्रश्न विचारले ते मला अजून पाठ आहेत: तुम्ही ज्या संस्थेचे मेंबर आहात तिचे नियम त्या दिवशी पाळले होते का. वेव्हर कुठाय, तारीख काय. मैदान क्लबचं आहे का आणि त्या क्लबला टर्बाइनची परवानगी आहे का. आग विझवायचं सामान जागेवर होतं का. पात्रतेची फ्लाइट कोणी घेतली. म्हणजे बघ, एएमएला एक पैसाही द्यायची वेळ आली नव्हती, तरी खाजगी विमा कंपनी एएमएच्याच नियमांनी मला मोजत होती. माझ्याकडे सगळं होतं, क्लेम पास झाला, शेतकऱ्याला त्या वर्षीच्या भावाने पैसे मिळाले. दुसरं प्रकरण माझं नाही, ओळखीच्या एकाचं. वेव्हर नाही, मित्राच्या फार्मवर जेट उडवलं, ते उभ्या पिकअपवर पडलं. दोन्हीकडून नाही आलं, आणि त्याने ती गाडी तीन वर्षं हप्त्याने भरून दिली. मैत्री गेली ती वेगळीच. मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही, उडवतो चांगला, पण कागदाला तो "नंतर बघू" म्हणाला.

तुझं स्वतःचं विमान क्रॅश झालं तर ते ह्या कशात येत नाही. एएमएमध्ये आग, चोरी, तोडफोड ह्यासाठी 1000 डॉलरपर्यंत आहे, पण क्रॅश नाही. तुला इजा झाली तर 25,000 डॉलरपर्यंत वैद्यकीय खर्चाचं कव्हर आहे, तेही तुझ्या हेल्थ इन्शुरन्सच्या मागे उभं. तेव्हा जे पैसे एका दुपारी मातीत गेले तरी घरात भांडण होणार नाही तेवढेच ह्यात घाल.

आगीचं थोडं अजून, कारण तू टेक्सासला आहेस. नियमाने आग विझवायचं यंत्र स्टार्टला हजर हवंच, आणि तिथे सीओ2 वापर, पावडरचं वापरलंस तर इंजिन वाचणार नाही. पण सीओ2 फक्त इंजिनाच्या आगीसाठी. वाळलेल्या गवताला ते काही करत नाही, वारा आला की परत पेटतं. गवतासाठी पाण्याचं, पाठीवर घ्यायचा पंप आणि फावडं. आमच्या मैदानावर सोयाबीनच्या प्रकरणानंतर पाण्याचे दोन पंप कायम भरलेले असतात, आणि ते भरलेत का बघितल्याशिवाय मी आजही इंजिन सुरू करत नाही. तुमच्याकडे काउंटीने बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, लावला की कित्येक क्लब टर्बाइन बंद ठेवतात. तो बॅन मॉडेलला लागू होतो की नाही ह्यावर वाद घालत बसू नकोस, त्या दिवशी ईडीएफ घेऊन जा. बॅन चालू असताना तुझ्या जेटने शेजारचं रान पेटलं तर कुठल्या तोंडाने क्लेम करणार.

55 पौंडाच्या वरचं विमान, म्हणजे साधारण 25 किलोच्या वर, ते वेगळं प्रकरण आहे, त्याची तपासणी वेगळी, एफएएची नोंदणीही कागदी आणि वेगळी. तुला ह्यात पडायचं कारण नाही, पण सेकंडहँड बाजारात मोठी स्केल जेट स्वस्तात दिसतात ती बऱ्याचदा ह्याच कारणाने, एवढं माहीत असू दे.

युरोपातले आपले लोकही विचारतात म्हणून दोन ओळी. जर्मनीत मॉडेल कितीही लहान असो, लायबिलिटी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे, आणि दोन किलोच्या वर ज्ञान-प्रमाणपत्र लागतं. ते काम तिथल्या संघटना करून देतात. ब्रिटनमध्ये सीएएचा, म्हणजे तिथल्या सरकारी हवाई खात्याचा, ऑपरेटर आयडी आणि फ्लायर आयडी, वर बीएमएफए ह्या तिथल्या मॉडेलवाल्यांच्या संघटनेची मेंबरशिप घेतली तर अडीच कोटी पौंडाचं थर्ड पार्टी कव्हर. युरोपच्या नियमात 20 किलोच्या खालच्या मॉडेलना विम्याची सक्ती नाही, वरच्यांना आहे, पण जर्मनीसारखे देश त्याहून कडक आहेत.

आता भारत. इथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. 2021 च्या ड्रोन नियमांमध्ये "मॉडेल आरपीएएस", म्हणजे दुरून चालवायची मॉडेल विमानं, असा वर्ग आहे, 25 किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन, हौस वगैरेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं. ह्या वर्गाला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, ही मोठी सवलत आहे. पण लोक इथेच थांबतात आणि म्हणतात हौशी विमानाला काहीच लागत नाही. तसं नाहीये. युनिक आयडी नंबर लागतो. रिमोट पायलट सर्टिफिकेटमधून सूट आहे ती 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला आणि दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला, तीही मायक्रो हौशी वापरात असेल तरच. तुझं जेट दहा-बारा किलोचं, म्हणजे "स्मॉल" वर्गात, म्हणजे डीजीसीएने, भारताच्या हवाई वाहतूक खात्याने, मान्य केलेल्या संस्थेत ट्रेनिंग करून ते सर्टिफिकेट घ्यावं लागणार, आणि ते ट्रेनिंग बहुतेक ठिकाणी ड्रोनचं असतं, जेट कसं उतरवायचं ते तिथे कोणी शिकवत नाही. विम्याला मोटार वाहन कायद्यातल्या थर्ड पार्टीच्या तरतुदी लावल्यात, नॅनो सोडून सगळ्यांना. म्हणजे अमेरिकेत जो विमा संस्थेच्या मेंबरशिपमधून येतो तो तिथे तुला स्वतः कंपनीकडे जाऊन घ्यावा लागेल, आणि पॉलिसीवर "ड्रोन" एवढंच नाही तर "टर्बाइन इंजिनचं मॉडेल विमान", वजन, इंधन, हे सगळं लिहून घ्यावं लागेल. नाहीतर हप्ता भरशील आणि क्लेमच्या वेळी ती वस्तूच वेगळी ठरेल.

आणि जागा. विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरच्या आत रेड झोन, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय बंद, पाच ते आठ मध्ये जमिनीपासूनच यलो, म्हणजे हवाई नियंत्रकांची परवानगी हवी, आठ ते बारामध्ये 200 फुटांपर्यंत ग्रीन, म्हणजे परवानगी नको, त्याच्या पुढे 400 फूट. नाशिकला ओझर आहे, देवळालीला लष्कर आहे, तूच नकाशा उघडून बघ सिन्नर-निफाडकडे हिरवं किती उरतं. शिवाय 2022 च्या फेब्रुवारीपासून तयार ड्रोन आणि त्यांचे सुटे केलेले संच आयात करायला बंदी आहे, तेव्हा हे जेट बॅगेत घालून नेऊ असा विचार असेल तर आधी कस्टम्सकडून लेखी उत्तर घे, विमानतळावर उभं राहून हुज्जत घालायची ही वस्तू नाही. माझा सल्ला, जेट इथे घे, इथे उडव, जाताना इथेच विक. हात तुझ्याबरोबर येतोच.

राहता राहिला तुझा विक्रेता. भाव बरा आहे म्हणतोस, पण टर्बाइनमध्ये भाव विमानाचा नसतो, इंजिनाच्या तासांचा असतो. ईसीयूवर एकूण चाललेला वेळ दिसतो, तो फोटो मागव. कंपनीने सांगितलेल्या सर्व्हिसच्या जवळ आलं असेल तर सर्व्हिसचे पैसे भावातून कमी करायला सांग. पूर्ण थ्रॉटलला हे इंजिन दीड लाखाच्या आसपास आरपीएम करतं, बेअरिंगवर काय येतं ते तूच समज, मेकॅनिकल इंजिनीअर आहेस म्हणालास. त्याला सांग माझ्यासमोर सुरू करून दाखव, आणि बंद झाल्यावर कूलडाउन होताना कान लावून ऐक, घासल्याचा आवाज आला तर निघून ये. टाकीच्या आतली नळी, तीच माझी, ती त्याच्यासमोर उघडून वाकवून बघ, आणि घेतलंस तर सगळ्या इंधनाच्या नळ्या न विचारता बदल, वीस डॉलरचं काम आहे.

पण त्याच्याही आधी, ह्या शनिवारी विमान न घेता जवळच्या एएमए क्लबात जा. विचार की तुमच्याकडे टर्बाइन चालतं का, सगळ्या क्लबांत चालत नाही, आणि वेव्हरवाले कोण आहेत. त्यातल्या एकाशी ओळख कर, दोन-तीन शनिवार त्याच्यासाठी फायर एक्स्टिंग्विशर धरून उभा राहा, कोणी नाही म्हणत नाही, उलट माणूस हवाच असतो. तो तुला बडी बॉक्सवर घेईल असं झालं की मग विक्रेत्याला फोन कर. तोपर्यंत जेट विकलं गेलं तर जाऊ दे, दर उन्हाळ्यात दुसरी निघतात. रेंटर्स पॉलिसीचं व्याख्येचं पान आणि ईसीयूच्या तासांचा फोटो मिळाला की मला पाठव, दोन्ही बघून सांगतो.